केशरी टाचणी वेगळी जात नाही ओ

हिप्परगा तलावावरचे टाचण्यांचे (चतुरासारखे बारीक किडे) तिन्ही फोटो बघितले. एक निळ्या टोकाची, एक केशरी, एक मळकट हिरवी, आणि तुम्ही विचारलंय की या तीन जाती का. माझ्या मते तिन्ही एकच, सेनेगल गोल्डन डार्टलेट. निळ्या टोकाचा नर, केशरी ती कोवळी मादी, आणि तीच जून झाली की अशी मळकट होते. मीपण दोन वर्षं वहीत केशरीपुढं 'नवीन जात?' लिहून ठेवलं होतं, त्यामुळं लाजू नका. वर यातल्या काही माद्या हुबेहूब नराच्या रंगाच्या असतात, म्हणजे घोळात घोळ. तेव्हा दुसऱ्या सेगमेंटखाली बघायचं (सेगमेंट म्हणजे शेपटीसारख्या लांब पोटाचा एकेक तुकडा), नराला तिथं फुगवटा असतो, मादीला नसतो, तिचं शेपटीचं टोक खालून जाड दिसतं.

म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, खूण कुठल्या सेगमेंटवर आहे ते मोजा. एकूण दहा असतात पण पुढून मोजलं की पहिले एकदोन पंखाखाली दडतात आणि हिशोब चुकतो, म्हणून शेपटीकडून उलटं मोजायचं, शेवटचा आखूड तो दहावा, मग नववा, आठवा. तुमच्या नराचा आठवा अख्खा निळा आहे, नववा वरून काळा न् बाजूनं निळा, बाकी पोट वरून काळं. याचाच भाऊ वेस्टर्न गोल्डन डार्टलेट, टोक त्याचंही निळं पण पोट बहुतेक पिवळंधमक. आणि पोट पिवळं, टोकाला काहीच खूण नाही, छाती शेवाळी, तर तो कोरोमंडल मार्श डार्ट, तो तर आपल्याकडं कुठल्याही डबक्यावर दिसेल.

निळ्याशार असतात त्यांचा वैताग वेगळा. थ्री-लाइन्ड डार्टच्या पाठीवर तीन बारीक काळ्या रेघा असतात, त्या वरून काढलेल्या फोटोतच दिसतात. काही सारख्या दिसणाऱ्या जातींच्या जोड्या तर शेपटीच्या टोकाचे चिमटे बघितल्याशिवाय सुटतच नाहीत, तिथं मी सरळ 'ओळख अपूर्ण' लिहून सोडून देतो.

हां, तिसऱ्या फोटोत छातीखाली ते लाल ठिपके आहेत ना, ती खूण नाही, माइट (गोचिडीसारखे बारीक जीव) चिकटलेत तिला, रक्त पिणारे. मोजू नका ते!

केशरीचा वरून काढलेला फोटो असेल तर टाका, शेपटीचं टोक फोकसमध्ये असलेला.