किरण आधी कोणत्या गाठीला?

प्रिय पोरी,

तुझ्या रुग्णाला टाचेवरचा मेलानोमा (त्वचेचा कर्करोग), फुफ्फुसात गाठी, पेम्ब्रोलिझुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारं औषध, म्हणजे इम्युनोथेरपी) सुरू. आणि तू विचारतेस, एका गाठीला किरण (रेडिएशन) दिले तर बाकीच्याही विरघळतील ना?

ही आशा पोकळ नाही. किरण न लागलेली दूरची गाठही आक्रसते, या घटनेला संशोधक मोल यांनी १९५३ मध्ये अ‍ॅबस्कोपल परिणाम म्हटलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका मेलानोमाच्या रुग्णाची हकीगत छापली. इपिलिमुमॅब (हीसुद्धा इम्युनोथेरपीच) चालू असतानाही आजार वाढत होता. मणक्याजवळच्या गाठीला तीन वेळांत २८.५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) दिले आणि पुढच्या काही महिन्यांत प्लीहेतल्या गाठीही लहान झाल्या. किरणांनी पेशी फुटतात, त्यांतली प्रथिनं डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या टेहळ्या पेशी) उचलून लिम्फ नोडमध्ये (लसीका ग्रंथीत) नेतात, तिथे टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, शत्रूची ओळख पटते. टी पेशींना रोखून धरणारा पीडी-१ चा ब्रेक पेम्ब्रोलिझुमॅबने आधीच सोडलेला असतो.

पण त्याच टी पेशी किरणांपुढे फार नाजूक असतात. फील्ड (किरण जिथे पडतात तो भाग) मोठं घेतलंस, गरज नसताना लिम्फ नोड्स त्यात ओढलेस, तर ज्या फौजेच्या भरवशावर हे सगळं चाललंय तीच मारली जाईल. प्लॅन करताना हे सतत डोक्यात ठेव.

शिवाय एका रुग्णाची हकीगत म्हणजे पुरावा नव्हे. डोक्या-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात ६२ रुग्णांवर चाचणी झाली. निवोलुमॅबला (पेम्ब्रोलिझुमॅबसारखंच औषध) एका गाठीवरच्या किरणांची जोड दिली, पण दूरच्या गाठींवर ठळक फायदा दिसला नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: किरण द्यायचे ते त्या जागेच्या गरजेसाठी. हाड दुखतंय, जखम वाहतेय, मेंदूत गाठ आहे, किंवा सगळं आटोक्यात असताना एकच गाठ वाढतेय. दूरची गाठ आक्रसली तर आनंदच, पण नातेवाइकांना तसं वचन देऊ नकोस. शेत विकून औषध आणणारा माणूस तुझ्या ‘कदाचित’ला ‘नक्की’ समजतो.

छातीला किरण दिलेत तर खोकला आणि धाप यांवर बारीक नजर ठेव. न्यूमोनायटिस (फुफ्फुसाचा दाह) औषधानेही होतो, किरणांनीही. मेंदूच्या रेडिओसर्जरीनंतर (गाठीवर नेमके, जोरदार किरण दिल्यावर) गाठ फुगलेली दिसली तर आजार वाढला असं लगेच लिहू नकोस, नेक्रोसिसही (किरणांनी मेलेला भाग) असू शकतो.

आपल्याकडे रुग्ण गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून येतात. इम्युनोथेरपीने जुलाब लागले की गावातल्या डॉक्टरकडून गोळी घेऊन गप्प बसतात आणि आतड्याचा दाह हाताबाहेर जातो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत (छिंदवाड्याच्या रुग्णाला हिंदीत) लिही: इम्युनोथेरपी सुरू आहे, जुलाब किंवा धाप लागल्यास लगेच फोन करा. खाली वॉर्डाचा नंबर टाक.

आणि ओपीडीत चप्पल काढायला सांगत जा. आपल्याकडचा मेलानोमा बरेचदा तळपायाला किंवा नखाखाली निघतो, आणि लोक कुरूप समजून महिनोन्‌महिने ब्लेडने कापत राहतात.

सोमवारी स्कॅन घेऊन ये. फील्ड आपण दोघं मिळून आखू.

तुझा,
सर