झोपेची ब्रँडेड गोळी बदलून जेनेरिक घेतल्यावर झोप मोडत असेल तर काय पाहावे?

आपण सांगलीहून विचारले आहे की, आपल्या आईंना नावाजलेल्या कंपनीची झोल्पिडेमची गोळी चालू होती, खर्चापायी तिच्याऐवजी जेनेरिक आणली आणि तेव्हापासून त्यांना पहाटे तीनच्या सुमारास जाग येते. तर जेनेरिक गोळी कमी ताकदीची असते का? मी साताऱ्यात औषधांचे दुकान चालवतो. 'कंपनी बदलली आणि झोप गेली' ही तक्रार माझ्या कानावर नेहमी येते, आणि ती मनाचा खेळ म्हणून झटकून टाकणे मला कधीही योग्य वाटलेले नाही.

आपल्या प्रश्नातील 'पहाटे' हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. झोल्पिडेमची गोळी दोन प्रकारांत मिळते. साधी गोळी ५ किंवा १० मिलिग्रॅमची असते. ती लवकर विरघळते आणि रक्तातील तिचे प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येते. दुसऱ्या प्रकारच्या गोळीच्या नावापुढे 'सीआर' लिहिलेले असते आणि ती ६.२५ किंवा १२.५ मिलिग्रॅमची असते. तिचा एक थर लगेच विरघळून झोप लावतो, तर दुसरा सावकाश विरघळत ती झोप टिकवतो. आधीची गोळी सीआर असेल आणि तिच्या जागी साधी आली असेल, तर झोप वेळेवर लागूनही पहाटे मोडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यात जेनेरिकचा काही दोष नाही. म्हणून जुनी व नवी अशा दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवून कंपनीच्या नावाआधी घटकाचे नाव, मिलिग्रॅम आणि 'सीआर' ही अक्षरे ताडून पाहावीत. सीआर गोळी तोडून किंवा कुटून देऊ नये, कारण मग थरांचा उपयोगच उरत नाही.

दोन्ही गोळ्या एकाच प्रकारच्या निघाल्या तर ताकदीची शंका बरीचशी दूर व्हावी. झोल्पिडेम मूळचे फ्रान्समधील कंपनीचे; अमेरिकेत ते १९९२ मध्ये 'अँबियन' या नावाने मान्य झाले आणि २००७ पासून तेथे त्याची जेनेरिक रूपे आली. जेनेरिक गोळी मूळ गोळीसारखीच लागू पडते का हे ठरवणाऱ्या कसोटीतील ८० ते १२५ टक्के या आकड्यांचा अर्थ अनेक जण गोळीत औषधच वीस टक्के कमी असते असा लावतात, तो चुकीचा आहे. ही मर्यादा रक्तात पोहोचणाऱ्या औषधाची मूळ गोळीशी तुलना करताना निघणाऱ्या संख्याशास्त्रीय पट्ट्याला, म्हणजे खरे उत्तर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते त्या अंतराला, लागू होते, आणि तो संपूर्ण पट्टा तिच्या आत बसावा लागतो. शिवाय आपल्याकडे 'ब्रँडेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या या मूळ संशोधक कंपनीच्या नसतातच.

तरीही फरक जाणवत असेल, तर गोळी बदलली त्याच सुमारास आणखी काय बदलले ते पाहावे. जेवणानंतर लगेच घेतलेली ही गोळी उशिरा लागू पडते. जुनी स्ट्रिप संपून नवी येईपर्यंत काही रात्री गोळीविना गेल्या असतील, तर औषध अचानक थांबल्यानेही झोप काही काळ बिघडते. दर महिन्याला निराळ्या कंपनीची गोळी घेण्यापेक्षा एकच जेनेरिक ठरवून तीच चालू ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

हा बदल डॉक्टरांना ठाऊक असणे मात्र आवश्यक आहे. झोल्पिडेम एच-वन अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि विक्रीची नोंद आम्हाला तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीवर एका ब्रँडचे नाव असताना दुकानदाराने तोच घटक असलेली दुसरी गोळी परस्पर देणेही नियमात बसत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडून घटकाचे नाव, मात्रा आणि साधी की सीआर हे स्पष्ट लिहून घ्यावे. त्याच वेळी मात्रेबद्दलही विचारावे, कारण स्त्रियांच्या रक्तात हे औषध सकाळपर्यंत जास्त उरते असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीची शिफारस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, आणि वयस्कर व्यक्तींना तर सकाळच्या गुंगीत पडण्याचा धोका अधिक असतो.

तोपर्यंत पहाटे जाग आली म्हणून आईंना दुसरी गोळी देऊ नये, आणि जुन्या स्ट्रिपमधील उरलेल्या गोळ्या नव्यांच्या जोडीने वापरू नयेत.