तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : ‘श्यामची आई’ आधी वाचू की आधी बघू?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. सुट्टीत तिला ‘श्यामची आई’ची ओळख करून द्यायचीय. आमच्या घरात मात्र दोन गट पडलेत, सासूबाई म्हणतात अत्र्यांचा जुना सिनेमाच खरा, पुस्तक त्याच्यापुढे लांबलचक वाटतं. मला उलट वाटतं. आणि परवा पुस्तक परत चाळलं तर त्यात ‘भरजरी गं पीतांबर’ कुठेच नाही! मग मुलीला आधी काय द्यावं? आणि २०२३ चा नवा सिनेमा कसा आहे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण हा घोळ खूप जणांचा होतो. ते गाणं पुस्तकात नाहीच. गीत आचार्य अत्र्यांचं, चाल वसंत देसाईंची, आवाज आशा भोसलेंचा, आणि हे सगळं १९५३ च्या सिनेमासाठी केलेलं. ‘छडी लागे छमछम’ पण तसंच. अत्रे स्वतः शिक्षक होते, ते त्या गाण्यात स्वच्छ दिसतं. पण दोन्ही गाणी त्या आईच्या आठवणींना इतकी चिकटलीत की ती साने गुरुजींनीच लिहिली असावीत असं वाटतं, आणि माझ्या मते सिनेमानं पुस्तकाला दिलेली ही फार मोठी भेट आहे. त्या सिनेमात आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहराही तसाच, पुस्तक वाचताना डोळ्यांपुढे त्याच येतात, दुसरी आई उभीच राहत नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं ते उगाच नाही. साने गुरुजी १९५० मध्येच गेले, त्यांना हा सिनेमा बघायला मिळाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरीही मी तुमच्या बाजूचा आहे. आधी पुस्तक द्या.

का ते सांगतो. गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आई जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. सांगता सांगता तो मध्येच थांबतो, स्वतःला दोष देतो, भरून येतं. म्हणजे आपण आईला थेट बघतच नाही, तिला आठवणाऱ्या माणसाला ऐकतो, आणि आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता ही सल त्या सगळ्या रात्रींच्या खाली सतत आहे. सिनेमात सगळं समोर घडतं म्हणून तो सांगणारा मागे पडतो. सासूबाईंना लांबलचक वाटतं ते बहुतेक याच थांबण्यामुळे, पण मला तर पुस्तकाचा जीव तिथेच वाटतो.

‘अळणी भाजी’ची रात्र घ्या. आईकडून भाजीत मीठ राहिलं, वडील मिठाबद्दल एक अक्षर न बोलता जेवून उठले, आई स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं आणि कुणी सांगितलं का नाही म्हणून ती हळहळली. घडलं एवढंच, कॅमेऱ्यानं पकडायचं काय? पण सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकताना एकमेकांना न दुखावता जगणारं अख्खं घर समजतं. याउलट पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं आई सांगते तो दगडावर पदर पसरण्याचा प्रसंग, किंवा मोळीवाल्या महार म्हातारीला मदत करण्याचा, हे पडद्यासाठीच जन्मलेत असं वाटतं, तिथे सिनेमा जिंकतो हे मी मान्य करतो.

आणि ती आई नुसती गोड नाहीये बरं का! पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला ती शिंपटीनं झोडपते, कारण पोराला कुणी भित्रा म्हटलेलं तिला चालत नाही. नंतर वळ बघून तिचाच जीव तुटतो. पुस्तकाला रडकं म्हणणाऱ्यांनी ती रात्र आणि कर्जापायी घराची होणारी परवड परत वाचावी, सावकाराच्या माणसाला तोंड देणारी बाई आहे ती.

नवा सिनेमा सुजय डहाकेंचा. रंगीत जमान्यात मुद्दाम कृष्णधवल केलाय, आई गौरी देशपांडे, आणि ओम भुतकर मोठेपणीचे साने गुरुजी. मोठा श्याम पडद्यावर आला ही गोष्ट मला पुस्तकाच्या जास्त जवळची वाटली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय. मात्र लहान मुलांना जुन्यातली गाणी जास्त धरून ठेवतील.

मुलीला पुस्तक एकदम हातात देऊ नका, भाषा जुनी आहे, अडेल. झोपताना एक रात्र तुम्ही वाचून दाखवा, एक सासूबाईंना वाचू दे, ते लिहिलंच आहे मोठ्यानं सांगण्यासारखं. दहा-बारा रात्री झाल्या की जुना सिनेमा लावा, आणि मग उरलेल्या रात्री वाचायच्या की नाही ते तिलाच ठरवू दे.