आधी प्रमाणपत्र की आधी सुधारणा?

प्रश्न : आमची बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. काही निविदांत सीएमएमआय लेव्हल ३ (कंपनीची काम करण्याची पद्धत किती शिस्तीची आहे, याच्या मूल्यमापनातला तिसरा स्तर) मागतात, आणि स्पर्धक आमच्याआधी काम पोचवतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : निविदेची अट असेल तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. पण उशीर त्याने कमी होणार नाही, म्हणून आधी उशिराचं कारण शोधा.

गेल्या तीन महिन्यांतली पूर्ण झालेली कामं घ्या. प्रत्येकाच्या चार तारखा लिहा : हातात घेतलं, रिव्ह्यूला (सहकाऱ्याने कोड वाचून तपासायला) दिलं, टेस्टिंगला गेलं, ग्राहकाकडे पोचलं. बहुतेक ठिकाणी कोडिंगपेक्षा रांगेतच जास्त दिवस गेलेले दिसतात. रिव्ह्यू अडकला की माणूस रिकामा बसत नाही, नवं काम उघडतो. अर्धवट कामं साचतात. हिशेब सोपा आहे : २४ कामं उघडी असतील आणि आठवड्याला ६ संपत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागणारच. वेग तोच ठेवून उघडी कामं १२ वर आणलीत, तर २ आठवडे. म्हणून आधी उघड्या कामांवर मर्यादा घाला, आणि नवं काम घेण्याआधी रांगेतला रिव्ह्यू संपवायचा हा नियम ठेवा. एका रिव्ह्यूत ४०० ओळींपेक्षा जास्त कोड नको; त्यापुढे वाचणारा नुसता नजर फिरवतो आणि चुका निसटतात.

हे रुळलं की तीच पद्धत लिहून काढा. लेव्हल ३ ला संस्थेची प्रमाण प्रक्रिया असावी लागते, आणि प्रकल्पागणिक ती जुळवून घ्यायची असते. केवळ मूल्यमापनासाठी रचलेल्या फायली तीन वर्षांनी प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर पुन्हा रचाव्या लागतात.