पुढे पीएचडी करायची असेल तर इंजिनिअरिंगची पदवी मोठ्या विद्यापीठातून घ्यावी की लहान कॉलेजातून?

दोन्हीकडे मेकॅनिकलला प्रवेश मिळतोय, तर नावाच्या आधी मी एकच गोष्ट बघेन: तिसऱ्या वर्षापर्यंत प्रयोगशाळेत खरं काम करायला मिळेल का? अमेरिकेत पीएचडीच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात. ‘वर्गात पहिला, हुशार आहे’ अशा पत्राला फारसं वजन नसतं. ‘सेन्सरचं रीडिंग सारखं सरकत होतं, याने दोन आठवडे बसून कॅलिब्रेशन पुन्हा केलं आणि चूक शोधली’ हे पत्र लक्षात राहतं. पण असं लिहायला प्राध्यापकांनी तुम्हाला काम करताना जवळून पाहिलेलं हवं.

मोठ्या विद्यापीठात प्रयोगशाळा भरपूर, पण प्राध्यापकांचा वेळ आधी पीएचडीच्या मुलांकडे जातो. काही वेळा तुमचं काम प्रत्यक्षात तीच मुलं बघतात. लहान कॉलेजात सहसा पीएचडीची मुलंच नसतात, त्यामुळे काम थेट पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती येतं. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजात पीएचडी नाहीच, तरीही तिथून पुढे पीएचडी करणाऱ्यांचं प्रमाण खूप मोठं आहे. म्हणून लहान म्हणजे कमी, असं अजिबात धरू नका.

लहान कॉलेजात एक मात्र तपासा: लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि वरच्या पातळीचे ऐच्छिक विषय दरवर्षी खरोखर शिकवले जातात की नुसते यादीत आहेत? दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मेल करा आणि सरळ विचारा, ‘तुम्ही शिफारसपत्र कोणाकडे मागाल?’ तीन नावं पटकन आली, तर तिथेच प्रवेश घ्या.