‘शिबिरजीवन’ की छावणी?

नाशिकच्या एका चित्रकलाशिक्षिकेने आपल्या प्रदर्शनासाठी विचारले आहे: युद्धकाळात फावल्या वेळी पत्ते खेळणारे, पत्रे लिहिणारे, कपडे वाळत घालणारे सैनिक ज्या चित्रांत दिसतात, त्यांना ‘शिबिरजीवनाची चित्रे’ म्हणावे का? आणि त्या सैनिकांना ‘सुटीवरचे सैनिक’?

माझ्या मते दोन्ही नकोत. महाभारतात शिबिर सैन्याचेच असते, पण आज ‘शिबिर’ म्हटले की रक्तदान आणि नेत्रतपासणी आठवते. सुटीवरचा सैनिक तर गावी आलेला असतो. चित्रातला माणूस रणाच्या तोंडाशीच आहे, त्याचा फक्त पहारा सुटला आहे. ‘पहारा सुटलेले सैनिक’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.

चित्रांसाठी मी ‘छावणीचित्रे’ सुचवेन. छावणे म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेल्या मराठी फौजेला रोजच्या मजलीत राहुट्या आणि पाले पुरत; पावसाळ्यात एका जागी राहायचे तर वर पक्के छप्पर लागे. एका रात्रीचा तो मुक्काम, काही दिवसांचा तळ आणि लांबलेली ती छावणी. ‘चारा छावणी’मुळे शब्द गुरांकडे गेला, ही शंका रास्त आहे, पण तिथेही अर्थ तोच, आडकाळापुरते छपराखाली थांबणे. आणि ही चित्रे थांबण्याचीच असतात. अमेरिकी यादवी युद्धात विन्स्लो होमर हा चित्रकार वृत्तपत्रासाठी रेखाटने करायला आघाडीवर गेला होता. १८६३च्या सुमारास त्याने रंगवलेल्या एका चित्रात दोन सैनिक आपल्या छोट्या तंबूपाशी बँडवर वाजणारी घराची आठवण देणारी धून ऐकत आहेत. लढाई कुठेच दिसत नाही, तरी ते युद्धाचेच चित्र आहे.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे. १८०९मध्ये तिच्यासोबत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने पत्रांतून छावणीतली होळीसुद्धा वर्णिली. ती पत्रे १८१३मध्ये एका भारतीय चित्रकाराच्या चित्रांसह छापली गेली. अशा चित्रांत वाणी, भिस्ती, नाचणाऱ्या दिसल्या तर त्यांच्यासाठी ‘बुणगे’ हा नेमका जुना शब्द आहे. ‘बाजारबुणगे’ ही आजची शिवी, पण मुळात फौजेमागचा न लढणारा लवाजमा.

सतराव्या शतकातल्या डच चित्रांसाठी मात्र ‘छावणी’ चालणार नाही. पीटर कॉडे, विलेम डायस्टर यांचे सैनिक पहाऱ्याच्या खोलीत बसून जुगार खेळतात, तंबाखू ओढतात. फ्रेंचांचा पहाऱ्याचा शब्द मोडून डचांनी या प्रकाराला ‘कोर्टेगार्ड’ असे खास नाव दिले. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजात पहारेकऱ्यांच्या देवड्या असतात. साल्हेर-मुल्हेर हिंडणाऱ्याला त्या सांगाव्या लागत नाहीत. म्हणून ही ‘देवडीचित्रे’. शब्द मी आत्ता जुळवला आहे, पण मला तो मनापासून आवडतो.

नाशिककरांना या विषयात देवळाली विसरता येणार नाही. मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत तिथे अडकलेल्या गोऱ्या सैनिकांनी वेड लागल्याच्या अर्थाने गावाच्या नावावरूनच ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ केला. १९७४पासून बीबीसीवर चाललेली एक विनोदी मालिका १९४५च्या देवळालीतल्या तोफखान्याच्या करमणूक पथकावर बेतलेली होती. तुमच्या प्रदर्शनात तिची छायाचित्रे लावणार असाल तर ती ‘छावणी’ विभागातच लावा.