'फास्ट' रंग लवकर जातो का?

प्रश्न दारव्ह्याकडचा आहे. पोळ्यासाठी बैलाची झूल घ्यायला गेलेल्या पोराला दुकानदार म्हणाला, "घे ना भौ, फास्ट कलर हाये." पोरगा विचारतो, फास्ट म्हणजे जलद, मग हा रंग जलद जाणार का?

फास्ट गाडी, फास्ट बोलिंग सोडून देतो, ते सगळ्यांना येतं. माझा राग आहे क्लासच्या एका मास्तरांवर. 'ब्रेकफास्ट' म्हणजे घाईघाईत उरकायचं खाणं, असं ते दरवर्षी पोरांना शिकवतात. घाई कसली, कपाळ! रात्रभराचा उपास मोडतो तो ब्रेकफास्ट.

'फास्ट'चा मूळ अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. काळ्या मातीत चाकं रुतून बसलेली बैलगाडीसुद्धा इंग्रजाच्या लेखी 'फास्ट'च. वेग मागाहून आला. कसा, ते आपल्याला तरी सांगायला नको: जोर म्हणजे ताकद, पण "जोऱ्यानं चाल" म्हणजे लवकर चाल.

खरी मजा उपासात आहे. इंग्रजीच्या नात्यातल्या जुन्या गॉथिक भाषेत 'फास्तान' म्हणजे धरून ठेवणं, पाळणं आणि उपास करणंही. आपल्या घरची बाई सोमवार काय करते? धरते!

यावर एका विद्वानांनी मला ऐकवलं, की 'फास्ट' आपल्या 'फास'वरूनच गेला, तोही घट्ट बसतो ना! अहो, फास आला संस्कृत 'पाश'वरून, त्यातला 'फ' मूळचा नाहीच. संस्कृतात 'प' तिथे इंग्रजीत 'फ', पितृ आणि फादर. म्हणजे फास्टचा भाऊबंद शोधायचा तो 'प'च्या घरात. सापडतो: वेदातला 'पस्त्य', म्हणजे घरच, माणूस पक्का राहतो ती जागा. काही व्युत्पत्तिकारांना हे नातं पटत नाही. न पटो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात 'धृतव्रतो वरुणः पस्त्यास्वा' असं आहे. व्रत धरलेला वरुण आणि पस्त्य, दोघं एका ओळीत! वर आपल्या 'उपवासा'तला 'वास' म्हणजेही राहणंच. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, मी हे नातं सोडत नाही.

हां, झूल राहिलीच. दुकानदाराचा शब्द बरोबर आहे, फास्ट कलर म्हणजे पक्का रंग. तरी बाबू, आधी एकदा वेगळी धुऊन घे. ऐन पोळ्यात पाऊस आला, तर दुकानदार खरं बोलला की नाही ते पांढऱ्या बैलाच्या पाठीवर साऱ्या गावाला दिसेल.